700आर4 गिअरबॉक्स, सोळा महिने आणि ती मेली टीव्ही केबल

सोळा महिने झाले, साडेसहा हजार मैल झाले, मधे एकदा बॉक्स जळून झाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. स्पेक्स परत सांगत बसत नाही, 700आर4 म्हणजे जीएमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चार गिअर आणि वरचा 0.70 चा ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन सावकाश फिरू देणारा गिअर) हे सगळ्यांना माहितीये. माझी गाडी 1940 ची फोर्ड ट्यूडर, राहतो ओहायोत कोलंबसला. मूळ 221 फ्लॅटहेड इंजिन आधीच्या मालकानेच काढून शेवरलेची 350 टाकली होती, पुढे मस्टँग 2 चं सस्पेन्शन, मागच्या अ‍ॅक्सलला 3.70 चा गिअर. फोर्डमध्ये शेवरलेचं इंजिन म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडा, 350 चे पार्ट कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि स्वस्त मिळतात, विषय संपला.

आधी टीएच350 हा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. तीन गिअर, दगडासारखा दणकट, पण आय-71 हायवेवर ताशी 65 मैलांना इंजिन 2,900 आरपीएमच्या आसपास ओरडत असायचं (टायर 28 इंची). बायको शेजारी बसून काय बोलतेय ते मला कळायचं नाही, ती म्हणते हे तुझ्या सोयीचंच होतं. गेल्या वर्षी मे मध्ये 700आर4 बसवला, एका दुकानातून रिबिल्ट, बसवून 2,600 डॉलर. पहिल्याच दिवशी हायवेवर चौथा पडला आणि इंजिन असं गप्प झालं की मला वाटलं बंदच पडलं. मीटर बघितलं तर जेमतेम 2,000. त्या दिवशी लिहिलं असतं तर पाचात पाच दिले असते.

मग ऑगस्ट आला. केंटकीत लुईव्हिलला स्ट्रीट रॉड नॅशनल्सला, म्हणजे हौसेने बदल केलेल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, गेलो होतो. जुन्या गाड्या, नजर पोचेल तिथपर्यंत रांगा, तिथली 23 मुद्द्यांची सेफ्टी तपासणी माझ्या गाडीने पहिल्या फटक्यात पास केली आणि मी स्टिकर लावून दोन दिवस छाती काढून फिरलो. ब्रेक बघतात, स्टिअरिंग बघतात, लाइट बघतात, बॉक्समधलं प्रेशर तिथे कोण बघणार. परत येताना कॅरोल्टनच्या अलीकडे एका चढावर तिसऱ्यात इंजिन नुसतंच भुंकायला लागलं, गाडी पुढे जाईना आणि जळका वास. चौथाही गेला. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स शाबूत, म्हणजे 3-4 चा क्लच पॅक (तिसरा-चौथा गिअर पकडणाऱ्या चकत्या) गेला हे न खोलताच कळलं. दुसऱ्यात रडतखडत एक्झिटपर्यंत आणली. टो (गाडी ओढून नेणं) 100 मैलांपर्यंत फुकट होता, माझं घर 160 मैलांवर. वरच्या साठ मैलांचे पैसे देताना जो त्रास झाला तो बॉक्स जळाल्याचाही झाला नाही.

घरी आईचा फोन. काय झालं रे म्हणाली, मी वैतागून म्हटलं टीव्ही केबलमुळे सगळा घोळ झाला. "अरे मग नाही बघितला चार दिवस टीव्ही तर काय बिघडतं? मोबाइलवर बघ की." आता हा टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल व्हॉल्व्ह म्हणजे काय हे आईला फोनवर सांगणं माझ्याच्याने झालं नाही, मी हो म्हटलं.

दुकानवाल्याने पॅन खोलला, काळंकुट्ट तेल, तळाशी क्लचच्या अस्तराचा गाळ. आणि मग म्हणाला वॉरंटी बसत नाही, टीव्ही केबल सेट नव्हती. बिलाच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं की केबलची जबाबदारी गिऱ्हाइकाची. तीन आठवडे भांडलो. ईमेल, फोन, एकदा प्रत्यक्ष जाऊन काउंटरवर. शेवटी 1,150 डॉलर मोजून परत रिबिल्ट करून घेतला. मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो की 700आर4 घेऊ नका, काचेचं भांडं आहे, टीएच350 सोडला ही चूक झाली.

ते मत मी मागे घेतोय, आणि का ते सांगायला लाज वाटते.

झालं असं की बॉक्स मे मध्ये बसला तेव्हा केबल दुकानवाल्यानेच व्यवस्थित लावलेली होती. जुलैत इथल्याच गुडगाइजच्या गाड्यांच्या मेळ्यात स्वॅप मीटमध्ये (आपला जुना बाजार समजा) मला 90 डॉलरला एक कार्बोरेटर मिळाला, दुसऱ्या कंपनीचा, चकचकीत. तो मी घरी बसवला आणि टीव्ही केबल जे भोक समोर दिसलं त्यात अडकवून टाकली. डोक्यात टीएच350 ची केबल. ती नुसती किकडाउनची (पाय जोरात दाबला की खालचा गिअर टाकणारी), माझ्या आधीच्या मालकाने तर ती लावलीच नव्हती, प्रेशरचं काम व्हॅक्यूम मॉड्युलेटर करायचा आणि बॉक्स वर्षानुवर्षं चालला. 700आर4 ला मॉड्युलेटर नाही. पाय किती दाबलाय हे बॉक्सला फक्त ही एक केबल सांगते आणि त्यावर आतलं तेलाचं प्रेशर ठरतं. केबल ढिली म्हणजे तुम्ही चढावर पूर्ण पाय दिलाय आणि बॉक्सला वाटतंय साहेब पार्किंग शोधताहेत. प्रेशर कमी, क्लच घसरतो, जळतो. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं, इथे मसाल्याचे चार आणे वाचवायला गेलो आणि बारा आण्याची कोंबडी जळाली.

दुकानवाल्यावर राग तरी आहेच. बॉक्स विकताना एक वाक्य तोंडाने सांगितलं असतं की कार्ब बदललास तर केबल बघ, तर काय जात होतं?

शेजारी सत्तरीचे एक आजोबा आहेत, आयुष्य गाड्यांत गेलेलं. त्यांनी बघितलं आणि नुसती मान हलवली. या कार्बच्या लिव्हरवर केबलचं भोक पिव्होटपासून (लिव्हर जिथे फिरतो तिथून) चुकीच्या अंतरावर, त्यामुळे कितीही अ‍ॅडजस्ट करा, ओढ बरोबर येणारच नाही. त्यासाठी वेगळं करेक्टर ब्रॅकेट मिळतं, चाळीस डॉलर. ते लावलं, मग केबलच्या टोकाचं बटण दाबून स्लायडर पूर्ण मागे ढकलायचा, बटण सोडायचं आणि कार्बचा लिव्हर हाताने पूर्ण उघडायचा, केबल कट कट कट करत स्वतःच जागेवर येते. एवढंच. अर्धा मिनिट. त्यांनी प्रेशर गेज लावून दाखवलं, आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) काटा साठच्या आसपास, केबल ओढली की सरळ दीडशेकडे. मी तो काटा पाच-सहा वेळा वर-खाली करून बघितला, आजोबा म्हणाले पुरे आता.

आता प्रत्येक लांबच्या ट्रिपआधी बायको आत बसून पाय दाबते आणि मी बॉनेटखाली टॉर्च घेऊन. पहिल्या वेळी पाय पूर्ण दाबूनही थ्रॉटल पूर्ण उघडत नव्हतं, कारण मी हौसेने घातलेलं जाड कार्पेट पेडलखाली येत होतं. ते कापलं. "अरे झालं का, पाय दुखला" असं ती म्हणाली की चेकिंग संपलं.

या ऑगस्टला परत लुईव्हिल केलं, त्याच चढावर मुद्दाम जोर दिला, बॉक्सने सरळ तिसरा घेतला आणि वर पोचल्यावर चौथा, मला गाणं म्हणावंसं वाटलं. तेल अजून लालभडक आहे. पाचात साडेचार देतो, अर्धा कापला तो केबलचा. तक्रार तशी एकच उरलीय, पहिला 3.06 आणि दुसरा एकदम 1.63, मधे केवढी मोठी उडी, सिग्नलवरून निघताना जाणवतेच, पण पेट्रोल वाचतंय म्हटल्यावर मी गप्प बसतो.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक स्पेअर टीव्ही केबल कायम असते. आणि तो 90 डॉलरचा कार्ब ब्रॅकेटसकट अजून गाडीवरच आहे, पण याच्या जागी योग्य भोकाचा घ्यायचा विचार चाललाय, कोलंबसच्या आसपास कुणाला हा हवा असेल तर सांगा, 85 ला देईन.