कॅम्परच्या बाकात बांधलेला सबवूफर : अंबडमधील एका कार्यशाळेचे काम

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या आतील लाकूडकाम करणारी एक लहान कार्यशाळा आहे. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांचे कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाड्या, करून देणे हा तिचा मुख्य व्यवसाय. पण गाण्याची आवड असलेल्या ग्राहकांना ती फर्निचरच्या आतच सबवूफर, म्हणजे बास किंवा खोल स्वरांसाठीचा खास स्पीकर, बांधून देते. आमच्या गाडीचे हे काम आम्ही तिथे करून घेतले आणि एक पावसाळा व एक उन्हाळा वापरल्यानंतर हे लिहीत आहे. काम उत्तम झाले आहे. ते उत्तम का, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशा कामात बहुतेक ठिकाणी सगळा पैसा आवाजावर खर्च होतो आणि कंपनाकडे कोणी लक्षच देत नाही.

कॅम्परमध्ये पुरेसा बास मिळवणे मुळीच अवघड नाही. आमच्या गाडीचा मागचा भाग सुमारे साडेतीन मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर त्या लांबीतील पहिला अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला आतली हवा आपोआप घुमू लागते तो, ४९ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याहून खालच्या स्वरांना सगळ्या केबिनमधील हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते, त्यामुळे लहानशी बंद पेटीही भरपूर खोल आवाज देते. खरी अडचण निराळी आहे. स्पीकरचा कोन, म्हणजे हवा हलवणारा त्याचा शंकूसारखा पडदा, पुढे ढकलला जातो तेव्हा पेटी तितक्याच जोराने मागे ढकलली जाते. पेटी बाकाला जोडलेली, बाक फरशीला जोडलेला आणि त्याच फरशीवर ओटा, ताटांचा कप्पा, शेगडी व पाण्याची टाकी उभी असते. मग पखवाजाच्या डाव्या तोंडावर थाप पडली, की डब्यांची झाकणे वाजू लागतात आणि बाकावर आडव्या झालेल्या माणसाच्या पाठीला हादरे बसतात.

या कार्यशाळेने त्यावर जो उपाय केला, तो पेटीखाली जाड फोम घालण्याचा नाही. एका बंद पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना आठ इंचांचे दोन एकसारखे स्पीकर, एकमेकांकडे पाठ करून बसवले आहेत. दोन्ही कोन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. त्यामुळे पेटीवर येणारे दोन धक्के विरुद्ध दिशांचे असतात आणि एकमेकांना खोडून काढतात, मात्र हवेत निर्माण होणाऱ्या दाबाची बेरीज होते. केईएफ कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या केसी६२ या घरगुती सबवूफरची रचनाही हीच आहे. हे खोडणे लाकडातून होते, म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारे लाकूड अजिबात लवता कामा नये. येथे १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारे प्लायवूड) वापरून आत दोन आडवे टेकू दिले आहेत. जोडणी चुकून एका स्पीकरची उलटी झाली, तर नेमके उलटे घडते : बास नाहीसा होतो आणि हादरा दुप्पट होतो. त्यामुळे पेटी बाकात सरकवण्यापूर्वी तिथल्या कारागिराने दीड व्होल्टचा साधा सेल तारांना क्षणभर टेकवला आणि दोन्ही कोन एकदम बाहेर सरकतात हे बोट ठेवून मला दाखवले. अ‍ॅम्प्लिफायर लावण्याआधी हे तपासून दाखवणारा कारागीर मी प्रथमच पाहिला.

पेटी बाकाला थेट ठोकलेली नाही. ती रबरी बुशांवर बसते, पण प्रत्येक बुशातून बोल्ट आरपार गेलेला असल्याने कसारा घाटात जोरात ब्रेक लागला तरी ती उसळून बाहेर येणार नाही. असे रबर त्याच्या नैसर्गिक वारंवारतेच्या (त्यावरची पेटी हलवून सोडली, तर ज्या वेगाने आपोआप डोलते त्या वारंवारतेच्या) सुमारे १.४ पटीच्या वरच कंपन अडवते, म्हणून ते पुरेसे मऊ निवडावे लागते; फार कडक रबर लावून काहीच साधत नाही.

माझ्या मते पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते यापुढच्या टप्प्यात. दोन्ही धक्के खोडले गेले, तरी हवेच्या दाबाने पातळ फळ्या आणि पत्रा थरथरतोच. कारागिराने २५ ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर लावून एकेका फळीवर तळहात ठेवला. भांड्यांचा खण ज्यावर सरकतो ते चॅनेल, पडद्याची दांडी, न्हाणीचे सरकते दार आणि भिंतीला टांगलेला तवा असे दोषी एकेक करून सापडले. त्या प्रत्येक ठिकाणी नमद्याची पट्टी किंवा घट्ट कडी बसवली गेली. काम ताब्यात घेताना मी नाशिक ढोलाचे ध्वनिमुद्रण लावले आणि बाकाच्या फळीवर पाच रुपयांचे जाड नाणे कडेवर उभे केले. टिपरूच्या कडकडाटाखाली ढोलाचा घुमार छातीत जाणवत होता आणि नाणे तसेच उभे होते.

एक गोष्ट मात्र ग्राहकाने समजून घ्यावी. येथे फर्निचरला बसणारा हादरा कमी होतो, गाडीबाहेर जाणारा आवाज कमी होत नाही. खालच्या स्वरांना पत्रा अडवू शकत नाही, आणि भंडारदऱ्याच्या काठी शेजारच्या तंबूत झोपलेल्या कुटुंबाला तो बास ऐकू येणारच. शिवाय खिडकी किंवा छतावरचा झरोका उघडला, की केबिनमधील दाब निसटतो आणि खोल स्वर चांगलेच उतरतात.

तक्रारी आहेत, आणि त्यातली एक गंभीर आहे. चार ओहमचे दोन्ही स्पीकर समांतर जोडल्याने अ‍ॅम्प्लिफायरवर दोन ओहमचा भार येतो. त्याला तो भार चालतो, पण तो तापतो. आणि कार्यशाळेने तो ओट्याखालच्या पूर्ण बंद कप्प्यात बसवला होता. एप्रिलच्या दुपारी तो आपोआप बंद पडू लागला. नंतर त्यांनी वर-खाली दोन जाळ्या कापून दिल्या आणि त्रास संपला, परंतु त्या जाळ्यांचे वेगळे पैसे घेणे मला पटलेले नाही. दिलेली तारीखही पाळली गेली नाही आणि बाकाच्या कोपऱ्यावरील सनमायकाची पट्टी आताच उचलू लागली आहे. बॅटरीबाबत मात्र चिंता नको : मध्यम आवाजात सरासरी वापर २० वॅटच्या आतच राहतो आणि १०० अ‍ॅम्पिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास साठतात. बॅटरीजवळ फ्यूज बसवायला ते विसरले नाहीत, हे विशेष.

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, लाकूडकाम आणि मजुरी मिळून ४६,००० रुपये लागले. बाकाखालची जवळपास एक तृतीयांश जागा गेली, कारण दोन्ही स्पीकरसमोर हवेला मोकळी वाट ठेवावी लागते आणि सामान कोनावर आदळू नये म्हणून मजबूत जाळीही लागते. ज्यांची पाण्याची टाकी बाकाखालीच आहे, त्यांनी आधी मोजमाप घेऊनच तिथे जावे. अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळ्या मूळ अंदाजपत्रकात लिहून घ्याव्यात आणि तारांच्या जोडणीचा आराखडा कागदावर मागावा. तो त्यांनी आम्हाला मागितल्यावरच दिला.