तीन फुटी दार, साडेएकतीस इंच वाट: व्हीलचेअरसाठी बांधलेल्या घरातला पहिला पावसाळा

श्रावणात बाथरूमचं सरकतं दार रुळावरून उतरलं तेव्हा मी आत होतो. दादा घरात होता म्हणून निभावलं. दाराच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला, तर ‘सर, चिपळूण आमच्या सर्व्हिस एरियात येत नाही.’ विकताना येत होतं!

बाकी घराबद्दल थोडक्यात. २०२१ च्या पुरात आमच्या अंगणात पाणी आलं होतं, म्हणून नव्या घराचं जोतं तीन फूट घेतलं. १:१२ चा उतार, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी, धरला की रॅम्पच ३६ फूट, शिवाय वळणावर सपाट जागा. गवंडी म्हणाला, “वीस फुटांत बसवतो, दादा ढकलतील की!” दादाने जन्मभर ढकलावं म्हणून घर बांधलं नव्हतं. ओल्या काँक्रिटवर खराट्याने आडव्या रेघा ओढून घेतल्या. तरी पावसात शेवाळ धरतंच, ब्लीचिंग पावडर टाकून घासावं लागतं. पण एकटा चढतो-उतरतो, रॅम्पला पैकीच्या पैकी. कमोड, धरायचे बार, खाली घेतलेली बटणं, सगळं ठीक.

आता दार. सुतार ‘तीन फुटी’ म्हणतो ते चौकटीचं बाहेरचं माप. दोन्हीकडचं अडीच-अडीच इंच लाकूड वजा केलं की ३१ इंच उरतात. हे माहीत होतं, म्हणून ४१ इंची चौकट करून घेतली. मोकळी वाट ३६. पण माझ्या बोटांत जोर नाही, खोबणीचं हँडल धरवत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना डी आकाराची हँडलं लावली. दार खोलीच्या बाजूने भिंतीला लगटून सरकतं. बाहेरच्या हँडलचा त्रास नाही, आतलं मात्र चौकटीवर आपटतं आणि साडेचार इंच दार वाटेतच राहतं. म्हणजे पुन्हा साडेएकतीस! खुर्ची २६ इंची असली तरी ती चालवताना हात चाकाबाहेरच्या कड्यावर असतात. बोटांची सालं निघाली. एवढा खर्च करून वाट अडवली ती एका हँडलने.

इथवरचं रागात लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन टाकणार होतो. आता मत बदललंय, निदान दाराबद्दल. बाजारपेठेतल्या शटरवाल्याने रूळ खोलून दाखवला: पल्ला जड, चाकं नायलॉनची, आणि अख्खा रूळ चार बारक्या स्क्रूंवर, तेही चिऱ्याच्या दगडात ठोकलेल्या प्लगमध्ये. त्याने बेअरिंगची चाकं घातली, रूळ थेट लिंटेलमध्ये, म्हणजे दारावरच्या काँक्रिटच्या पट्टीत, बोल्टने आवळला. १,८०० रुपये. कंपनीचा नुसता रूळ-चाकांचा सांगाडा याच्या कितीतरी पट महाग होता.

आतलं हँडल काढून तिथे पुतण्याच्या जुन्या दप्तराचा पट्टा स्क्रूने लावलाय. मनगट अडकवायचं आणि ओढायचं. दार उघडताना पट्टा चपटा होऊन फटीत जातो. वाट जवळजवळ पूर्ण ३६. खर्च शून्य, आणि घरातली माझी सगळ्यात आवडती वस्तू हीच.

सरकतंच दार घ्या. उघडमिट पल्ल्याला खुर्ची मागे घ्यावी लागते, आणि आत उघडणारा असेल अन् माणूस पडला, तर बाहेरून ढकलताही येत नाही. फक्त एक करा: हँडलं लावून, दार उघडं ठेवून टेप धरा, मगच सुताराचे पैसे चुकते करा.

कंपनीकडून काल मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’