घरी गाणं रेकॉर्ड करायचंय: यू ८७ की एसएम ५८?

न्यूमनचा यू ८७ हा १९६७ चा कंडेन्सर (बारीकसारीक आवाज टिपणारा) माइक, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, लागते. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ चा डायनॅमिक, म्हणजे वेगळी वीज न लागणारा माइक, केबल लावली की सुरू.

यू ८७ समोर तंबोरा छेडून बघा. जवारीची बारीक झणझण, तारेवरून सुटणारं बोट, सुरापूर्वी घेतलेला श्वाससुद्धा येतो! पण तेवढ्याच इमानदारीने पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि उघड्या भिंतींचा घुमाराही येतो. एसएम ५८ पासून तोंड चार बोटांवर ठेवलं की आवाज भरीव लागतो, खोली मागे राहते. वरचा तलमपणा मात्र थोडा हरवतो.

बंदिस्त स्टुडिओ असेल तर मी डोळे झाकून यू ८७ घेईन. साध्या खोलीत, मोकळ्या गळ्याच्या पोवाड्याला ५८च. वाचलेल्या पैशांतून आधी भिंतींवर जाड गोधड्या टांगा.