जामोवी सहा महिने वापरल्यावर: सामाजिक शास्त्रांच्या पहिल्या सांख्यिकीसाठी कितपत कामाचं?

समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांतल्या पहिल्या सांख्यिकीच्या पेपरला जामोवी हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर पुरतं. मध्य (सरासरी), प्रमाण विचलन (आकडे किती विखुरले आहेत), टी-टेस्ट (दोन गटांची तुलना), काय-स्क्वेअर (दोन वर्गवाऱ्यांतला संबंध), अनोव्हा (अनेक गटांची तुलना), सहसंबंध, रिग्रेशन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज), प्रश्नावलीची विश्वसनीयता हे सगळं मेनूत समोरच आहे. सहा महिने निरनिराळ्या प्रश्नावल्यांचे आकडे यातून काढल्यावर तक्रार उरते ती वेगळीच. आकडेमोड अचूक होते, पण माहिती आत घेताना होणाऱ्या काही ठरावीक गफलतींबद्दल पडद्यावर अवाक्षर येत नाही. मग सुबक तक्त्यात चुकीचं उत्तर मिळतं आणि ते तसंच प्रबंधात जातं. म्हणून या अनुभवाचा मोठा भाग त्या गफलतींवरच आहे.

आधी जुजबी माहिती. जामोवी मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, आणि आतली गणितं आर या सांख्यिकीसाठीच्या संगणकीय भाषेत होतात. डावीकडे पर्याय, उजवीकडे निकाल. एखाद्या चौकटीत खूण केली की तक्ता तिथल्या तिथे बदलतो. डेटातला एक आकडा दुरुस्त केला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा मोजलं जातं. डेटा, निवडलेले पर्याय आणि निकाल एकाच ओएमव्ही फाइलमध्ये राहतात, त्यामुळे दोन महिन्यांनी फाइल उघडली तरी कुठला तक्ता कुठल्या पर्यायांनी आला हे त्या तक्त्यावर क्लिक करून कळतं. शिकणाऱ्यासाठी याहून मोठी सोय नाही. वर्गात वापरायचं असेल तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती असलेली बरी. नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्यात उघडताना अडू शकते.

आता आयात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी फाइल), एक्सेल आणि एसपीएसएस या दुसऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या फाइली थेट उघडतात. देवनागरी शीर्षकं किंवा उत्तरं असतील तर सीएसव्ही साठवताना यूटीएफ-८ हाच पर्याय निवडायचा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाइल उघडल्यावर जामोवी प्रत्येक स्तंभाचा प्रकार स्वतः अंदाजाने ठरवतं: कंटिन्युअस (सलग मोजलेला), ऑर्डिनल (क्रम असलेला), नॉमिनल (नुसती नावं) किंवा आयडी (ओळख क्रमांक). हा अंदाज पुष्कळदा चुकतो. १ ते ५ अशी उत्तरं असलेला स्तंभ त्याला नावांच्या यादीसारखा वाटतो आणि तो नॉमिनल होतो. स्तंभाच्या शीर्षकावर दोनदा क्लिक करून प्रकार बदलला की काम होतं. उलटी चूकही होते आणि ती कुठेच अडवत नाही: धर्म किंवा जिल्हा यांचे १, २, ३, ४ असे संकेतांक कंटिन्युअस म्हणून राहिले, तर त्यांचा मध्य बिनदिक्कत २.३७ असा छापून येतो.

उत्तर न देणाऱ्यांसाठी ९९ लिहायची पद्धत याहून घातक. पाच पायऱ्यांच्या प्रश्नात २० जणांपैकी १८ जणांचा मध्य ३ असेल आणि दोघांचे ९९ असतील, तर मध्य १२.६ येतो. पाचच्या पट्टीवर बारा म्हटल्यावर कुणाच्याही लक्षात येईल. पण वयाच्या स्तंभात तसं होत नाही. २०० जणांपैकी १९४ जणांचं सरासरी वय ३४ आणि सहा जणांचे ९९ असतील, तर मध्य ३५.९५ येतो. हा आकडा कुणालाही खटकणार नाही, प्रमाण विचलन मात्र फुगलेलं असेल. उपाय सोपा आहे: स्तंभाचा प्रकार बदलतो त्याच खिडकीत मिसिंग व्हॅल्यूजच्या चौकटीत ‘बरोबर ९९’ अशी अट लिहायची. सूत्रात बरोबरचं चिन्ह दोनदा लागतं, एकदा दिलं तर चालत नाही. त्यानंतर डिस्क्रिप्टिव्हजमध्ये प्रत्येक चलाचा किमान आणि कमाल आकडा बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही कसोटीच्या आधी ते व्हायलाच हवं.

एक छोटी गोष्ट इथेच. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आकड्यांचं प्रमाण विचलन हाताने काढून २ येतं आणि जामोवी २.१४ सांगतं. दोन्ही बरोबर आहेत. हाताने ८ ने भागलं, जामोवीने ७ ने, कारण ते हे आकडे समष्टी (अभ्यासातला अख्खा समूह) न मानता नमुना (त्यातला एक भाग) मानतं.

प्रश्नावलीचे गुण काढताना जामोवीचा सगळ्यात फसवा भाग येतो. फॅक्टर मेनूतल्या रिलायबिलिटीमध्ये क्रोनबाख अल्फा आणि मॅकडोनाल्ड ओमेगा (पट्टीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याची मापं) दोन्ही मिळतात. ‘मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं’ आणि ‘मी गर्दी टाळतो’ अशी उलटसुलट विधानं एकाच पट्टीत असली की अल्फा कोसळतो, क्वचित उणेही जातो. एखादं विधान एकूण गुणांशी उलट दिशेने जात असेल तर जामोवी तळटिपेत तसं सांगतं. मग ते विधान रिव्हर्स स्केल्डच्या चौकटीत टाकायचं, अल्फा लगेच सुधारतो, आणि माणूस निर्धास्त होतो. पण ही उलटापालट फक्त त्या एका तक्त्यापुरती असते. मूळ स्तंभ होता तसाच राहतो. एकूण गुण काढताना तोच स्तंभ वापरला तर चांगल्या अल्फाच्या शेजारी बिघडलेले गुण बसतात. म्हणून आधी नवा कम्प्युटेड स्तंभ करून त्यात ‘६ वजा मूळ उत्तर’ लिहायचं (पट्टी १ ते ५ असेल तर ६, १ ते ७ असेल तर ८), आणि अल्फा व एकूण गुण दोन्हींसाठी हाच नवा स्तंभ वापरायचा.

एकूण गुणांसाठी बेरजेपेक्षा मध्य बरा. पाच विधानांपैकी एकाचं उत्तर राहिलं तर मीनचं सूत्र मूळ रूपात त्या व्यक्तीला कोरा गुण देतं. इग्नोर-मिसिंगचा पर्याय १ केला की उरलेल्या चार उत्तरांचा मध्य मिळतो. तोच पर्याय बेरजेला लावला, तर सगळीकडे ४ उत्तर दिलेल्या माणसाला २० ऐवजी १६ गुण पडतात. त्याचं मत सौम्य आहे म्हणून नव्हे, एक ओळ वाचायची राहिली म्हणून.

फिल्टर लावून विसरणं ही नेहमीचीच चूक. फक्त स्त्रियांसाठी एक तक्ता काढायला लावलेला फिल्टर पुढच्या सगळ्या विश्लेषणांना लागू राहतो. डेटाच्या पानावर बरोबर-चूकच्या खुणा दिसतात, पण निकालाच्या तक्त्याखाली तसा उल्लेख नसतो. प्रत्येक तक्त्यात एकूण संख्या आधी वाचायची सवय लावली तर हे पकडता येतं.

कसोट्यांकडे वळताना टी-टेस्टपासून सुरुवात. गटाच्या चलात नेमके दोनच स्तर हवेत, असा संदेश आला तर बहुतेक वेळा दोष टंकलेखनाचा असतो: कुठे ‘स्त्री’, कुठे पुढे मोकळी जागा सुटलेलं ‘स्त्री ’. सॉफ्टवेअरच्या लेखी हे दोन वेगळे गट आहेत. दुसरी गोंधळात टाकणारी बाब म्हणजे टी-टेस्टमध्ये आधीपासून निवडलेली असते ती स्टुडंटची पद्धत (गटांची विचलनं सारखी धरणारी), आणि वन-वे अनोव्हामध्ये वेल्चची (तसं न धरणारी). त्यामुळे तेच दोन गट दोन्हीकडे दिले तर पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) जुळत नाही आणि वर्गात अर्धा तास जातो. दोन्हीकडे एकच पद्धत निवडली की टीचा वर्ग म्हणजेच अनोव्हाच्या तक्त्यातला एफ, हे समोर दिसतं. आधी लेव्हिनची कसोटी (विचलनं सारखी आहेत का हे सांगणारी) बघून मग पद्धत निवडायची ही जुनी रीत सोडून सरळ वेल्चच वापरावी. विचलनं सारखी असली तरी तिने फारसं बिघडत नाही, वेगळी असली तर ती वाचवते. आकडे घंटेच्या आकाराच्या वितरणात बसतात का हे तपासणाऱ्या शापिरो-विल्क कसोटीवरही डोळे झाकून विसंबू नये. १५ जणांच्या नमुन्यात ती ढोबळ वाकडेपणाही सोडून देते, आणि दीड हजारांच्या नमुन्यात किरकोळ फरकावरही बोट ठेवते. क्यू-क्यू आलेख काढून बिंदू रेषेच्या किती जवळ आहेत ते पाहिलेलं बरं. कोहेनच्या डीचं (गटांतला फरक किती मोठा हे सांगणाऱ्या आकड्याचं) चिन्ह उणे आलं तर घाबरायचं कारण नाही, पहिला गट कुठला धरला यावर ते ठरतं.

काय-स्क्वेअर मात्र जामोवीत फार छान शिकवता येतं, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्रवेशांचे १९७३ चे आकडे हाताशी असावेत. सहा मोठ्या विभागांकडे ४,५२६ अर्ज आले होते. २,६९१ पुरुषांपैकी १,१९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ४४.५ टक्के. १,८३५ स्त्रियांपैकी ५५७ जणींना, म्हणजे ३०.४ टक्के. हे सगळे साडेचार हजार अर्ज टाइप करावे लागत नाहीत. विभाग, लिंग, निकाल आणि संख्या असे चार स्तंभ, आणि ६ गुणिले २ गुणिले २ अशा २४ ओळी, एवढंच. फ्रिक्वेन्सीजमध्ये इंडिपेंडंट सॅम्पल्स निवडायचं, ओळींत लिंग, स्तंभांत निकाल, आणि संख्येचा स्तंभ काउंट्सच्या चौकटीत. ही चौकट रिकामी राहिली तर जामोवी फक्त २४ जण मोजतं आणि काय-स्क्वेअर शून्य येतो. बरोबर भरली की तो सुमारे ९२ येतो आणि पी-मूल्य ०.००१ च्या खाली जातं. आता विभागाचा स्तंभ लेयर्समध्ये टाकायचा आणि ओळींची टक्केवारी मागायची. पहिल्या विभागात पुरुषांना ६२ टक्के प्रवेश, स्त्रियांना ८२ टक्के. शेवटच्या विभागात ६ आणि ७. एकत्रित तक्त्यातली दरी विभागवार बघितली की बहुतांशी उरतच नाही. कारण अर्जांच्या वाटणीत आहे: निम्म्याहून अधिक पुरुषांनी प्रवेश सहज मिळणाऱ्या पहिल्या दोन विभागांत अर्ज केले होते, १,३८५ जणांनी, त्याच दोन विभागांत स्त्रियांचे अर्ज अवघे १३३. तिसरं चल बघायचं म्हणजे काय, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा ही एक चौकट भरून लवकर कळतं.

टक्केवारी कुठल्या दिशेने घ्यायची हे जामोवी सांगत नाही. जे चल कारण मानलं आहे ते ओळींत असेल तर ओळींची टक्केवारी घ्यायची. अपेक्षित वारंवारताही (संबंध नसता तर प्रत्येक घरात आली असती ती संख्या) स्वतःहून दिसत नाही. सेल्सखाली एक्स्पेक्टेड काउंट्सला खूण करून बघावं लागतं. पाचपेक्षा कमी अपेक्षित वारंवारतेची घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त असतील, किंवा एखाद्या घरात ती १ च्याही खाली असेल, तर गट एकत्र करायचे, किंवा दोन बाय दोनच्या तक्त्यात फिशरची कसोटी घ्यायची. परिणामाची तीव्रता हवी तर क्रॅमरच्या व्हीला खूण करायची. काय-स्क्वेअरचा आकडा मोठा म्हणजे संबंध घट्ट, असं नसतं, तो नमुन्याबरोबरही वाढतो.

सहसंबंधाच्या तक्त्यात, पी-मूल्य ठरावीक पातळीखाली आलं की ताऱ्यांची खूण लावायची सोय आहे. शक्यतो लावू नये. सहसंबंध ०.२० असेल तर १०० जणांत पी-मूल्य ०.०४६ येतं आणि तारा लागतो. तोच ०.२० तीस जणांत ०.२९ देतो, तारा गायब. उलट दीड हजारांत ०.०६ लाही तारा लागतो, जरी त्यातून अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाचा उलगडा होत असला तरी. दहा चलांच्या तक्त्यात ४५ जोड्या असतात. काहीही संबंध नसताना त्यातल्या दोनेक जोड्या पाच टक्क्यांच्या पातळीवर चमकतात, आणि जामोवी त्यासाठी आपोआप दुरुस्ती करत नाही. विश्वास अंतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) मागून घ्यावेत आणि स्कॅटर आलेख काढावा. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्बने १९७३ मध्ये दिलेले चार संच यासाठीच आहेत: चारही ठिकाणी सहसंबंध ०.८२ च्या आसपास, आणि चार आलेखांची चार वेगळी रूपं.

रिग्रेशनमध्ये सलग मोजलेली चलं कोव्हेरिएट्समध्ये आणि गट फॅक्टर्समध्ये जातात. शिक्षणाचे १ ते ४ स्तर कोव्हेरिएट म्हणून गेले तर प्राथमिक ते माध्यमिक आणि पदवी ते पदव्युत्तर ही दोन अंतरं सारखीच आहेत, असं आपण नकळत मान्य करतो. फॅक्टर म्हणून दिले तर तुलनेचा गट कुठला हे रेफरन्स लेव्हल्सखाली तपासावं, नाहीतर गुणांकांचा अर्थ उलटा लागतो.

कुरबुरी थोड्या आहेत. आलेखांच्या मांडणीवर हात मर्यादित चालतो, छपाईसाठी दुसरीकडे नीटनेटके करावे लागतात. एकाच फाइलमध्ये वीस-पंचवीस विश्लेषणं आणि हजारो ओळी झाल्या की डेटातल्या छोट्या बदलालाही त्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा मोजलं जातं आणि वाट बघावी लागते. अशा वेळी वर्णनात्मक तक्ते एका फाइलमध्ये आणि कसोट्या दुसऱ्या फाइलमध्ये ठेवाव्यात. मोठ्या सर्वेक्षणांत स्तर, समूह आणि भार देऊन नमुना निवडलेला असतो. मूळ मेनूतल्या कसोट्या तो साधा यादृच्छिक नमुना समजून चालवतात, त्यामुळे प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) बहुधा खरी असते त्याहून लहान दिसते. त्या कामासाठी आरमधलं सर्व्हे पॅकेज घ्यावं लागतं. तिकडे जायची पायवाट जामोवीतच आहे: उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून सिंटॅक्स मोड चालू केला की प्रत्येक तक्त्याच्या वर त्याची आरमधली आज्ञा दिसू लागते, आणि आरमध्ये जेएमव्ही पॅकेज बसवून डेटा वाचून घेतला की ती उचलून तिथे चालवता येते.