तीन चिकट मालक, तीन वेगळे हिशेब: पायरेट्स, गार्डियन्स की ब्रुअर्स?

पिट्सबर्गला नव्याने राहायला गेलेल्या माणसाला बेसबॉलची चटक लागायला फार वेळ लागत नाही. नदीकाठचं पीएनसी पार्क अमेरिकेतल्या सर्वात देखण्या मैदानांपैकी एक आहे, आणि पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू फेकणारा, बेसबॉलमधला गोलंदाज) रोज बघायला मिळत नाही. पण दोन-चार सामने झाले की स्टँडमधून ‘सेल द टीम’ (संघ विका) असा गजर ऐकू येतो. मग प्रश्न पडतो: पाकीट ढिलं न करणाऱ्या मालकाच्या पायरेट्स या गावच्या संघात जीव आणि डॉलर गुंतवायचे, की गाडीने दोन-सव्वादोन तासांवरच्या क्लीव्हलंडचा गार्डियन्स संघ धरायचा, की सरळ टीव्हीवर मिलवॉकीचे ब्रुअर्स बघायचे? तिन्ही संघ काटकसरीचे. काटकसरीची तऱ्हा मात्र तिघांची वेगळी.

आधी नियम समजून घेऊ. मेजर लीग बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी पर्स नसते. पगारावर कमाल मर्यादा नाही आणि किमान खर्चाची सक्तीही नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं (२०२५ मध्ये २४.१ कोटी डॉलर) तर लक्झरी टॅक्स बसतो, एवढंच. या तिघांना त्या टॅक्सची चिंता करायचं कारणच नाही. २०२५ मध्ये पायरेट्सचा पगारखर्च ९ कोटींच्या आसपास, गार्डियन्सचा १० कोटींच्या आसपास, ब्रुअर्सचा त्याहून थोडा जास्त. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या श्रीमंत डॉजर्स संघाला नुसता टॅक्सच जवळपास १७ कोटी बसला.

गरीब संघांचा संसार खेळाडूच्या पहिल्या सहा वर्षांवर चालतो. १७२ दिवस मुख्य संघात काढले की सेवेचं एक वर्ष भरतं. साधारण पहिली तीन वर्षं पगार किमान रकमेच्या जवळपास (२०२५ मध्ये ती ७ लाख ६० हजार डॉलर होती), पुढची तीन वर्षं लवादाने ठरणारा वाढता पगार, आणि सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू कुठल्याही संघात जायला मोकळा. त्यामुळे मोकळा व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधी त्याला विकून तरुण पोरं आणायची, हा या सगळ्यांचा धंदा. खेळाडू विकला म्हणून मालकाला शिव्या देण्यात अर्थ नाही. बघायचं ते हे, की संघ जिंकण्याच्या बेतात असतो त्या दोन-तीन वर्षांत मालक काय करतो, आणि विकलेल्याच्या बदल्यात आलेली पोरं पुढे काय करतात.

या कसोटीवर पायरेट्सचा निकाल वाईट आहे. बॉब नटिंग २००७ पासून प्रमुख मालक. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं संघाने जिंकले त्यापेक्षा जास्त सामने गमावले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये एवढी लांब पडझड दुसऱ्या कुणाची नाही. मग २०१३ ते २०१५ सलग तीन वेळा प्लेऑफ. २०१५ मध्ये तर ९८ विजय. नेमक्या त्या हिवाळ्यात मालकाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. ए. जे. बर्नेट निवृत्त झाला, जे. ए. हॅप टोरोंटोला गेला, आणि या दोन पिचरच्या जागी आले रायन व्होगलसाँग आणि जॉन नीस. त्यातला नीस मिळवण्यासाठी नील वॉकर हा पिट्सबर्गचाच, गावचा पोरगा न्यूयॉर्क मेट्सला देऊन टाकला. २०१६ मध्ये विजय ७८. तेव्हापासून २०२५ पर्यंत प्लेऑफचं नाव नाही. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल आणि अँड्र्यू मकचन दोघेही गेले, आणि नटिंगने संघ विकावा म्हणून हजारो सह्या गोळा झाल्या.

पैशाइतकाच, किंबहुना जास्त, जिव्हारी लागणारा मुद्दा वेगळा आहे: सौदे फसले. २०१८ च्या जुलैअखेर हातचं राखून न ठेवता ख्रिस आर्चर आणला, तेव्हा बदल्यात टँपा बेला टायलर ग्लॅसनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे दिले. आर्चर पिट्सबर्गमध्ये चाललाच नाही. म्हणजे जपून खर्च करतात तेव्हाही हातात काही येत नाही, आणि एकदा हात सैल सोडला तेव्हाही नाही. (भारतातून रिंकू सिंग, म्हणजे क्रिकेटवाला नव्हे, आणि दिनेश पटेल या दोघांना २००८ मध्ये करारबद्ध करणारा संघ हाच. स्वस्तातला जुगार खेळायला इथे कधी ना नसते.)

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की नटिंगने अलीकडे काही मोठे करार केले: २०२३ मध्ये ब्रायन रेनॉल्ड्सला आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार, २०२४ मध्ये मिच केलरला पाच वर्षांचे ७ कोटी ७० लाख. पण हे दोघेही घरचेच. बाहेरून फटकेबाज आणायची वेळ आली की तोवर हात आखडायचा. त्याचं फळ २०२५ मध्ये दिसलं. स्कीन्सचा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) १.९७, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने, आणि विजय-पराजय १०-१०. कारण संघाच्या धावा लीगमध्ये सर्वात कमी. ८ लाख ७५ हजारांच्या पगारात जगातला एक नंबरचा पिचर मिळालेला असताना उरलेले पैसे फलंदाजीवर न लावणं, याला काटकसर म्हणता येत नाही.

क्लीव्हलंडचं डोलन कुटुंबही हात मोकळा सोडणाऱ्यांतलं नाही. २०१९ मध्ये पॉल डोलनने फ्रान्सिस्को लिंडोरबद्दल चाहत्यांना सुचवलं होतं, की आहे तोवर त्याच्या खेळाचा आनंद घ्या. ते वाक्य गावाने अजून माफ केलेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये लिंडोर मेट्सकडे गेला आणि तिथे त्याला दहा वर्षांचे ३४.१ कोटी मिळाले. पण क्लीव्हलंडने दोन गोष्टी नीट केल्या. एक, पिचर घडवण्याचा कारखाना बंद पडू दिला नाही. दुसरी, सगळे जात असताना होझे रामिरेझला धरून ठेवलं. २०२२ च्या करारात त्याने बाजारभावापेक्षा कमी घेतलं हे खरं, पण मालकाने सहीला हात तरी लावला. पोराला एकाच नावाचा शर्ट घेऊन द्यायचा असेल, तर याला मोल आहे. २०१६ ते २०२५ या दहा हंगामांत गार्डियन्स सात वेळा प्लेऑफमध्ये. दुखणं एकच, आणि ते जुनं: वर्ल्ड सीरिज (विजेतेपदाची अंतिम मालिका) शेवटची जिंकली १९४८ मध्ये. ऑक्टोबरमध्ये एक-दोन चांगले फलंदाज कमी पडतात, आणि खेळाडूंच्या अदलाबदलीच्या जुलैअखेरच्या मुदतीत ते विकत घ्यायला मालक तयार होत नाही.

मिलवॉकी ही लीगमधली सर्वात छोटी बाजारपेठ. मार्क ॲटानासिओने संघ घेतला २००५ मध्ये. विकण्यात हा माणूस इतर दोघांपेक्षा निर्ढावलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये संघ गटात पहिला असताना क्लोजर (सामन्याच्या शेवटी येणारा पिचर) जॉश हेडर सॅन डिएगोला देऊन टाकला. ड्रेसिंग रूम हबकली, आणि प्लेऑफ एका सामन्याने हुकलं. चाहत्यांचा संताप रास्तच होता. मात्र पुढचं बघा. त्या सौद्यात आलेला एस्तेउरी रुईझ त्याच डिसेंबरमध्ये तीन संघांच्या अदलाबदलीत दिला, आणि हाती आला विल्यम कॉन्ट्रेरास, लीगमधल्या उत्तम कॅचरपैकी एक. पुढचा क्लोजर डेव्हिन विल्यम्स न्यूयॉर्क यँकीजला दिला, तर केलेब डर्बिन मिळाला आणि तिसऱ्या बेसची जागा भरली. जॅक्सन चूरिओला मुख्य संघात एकही सामना न खेळता आठ वर्षांचे ८.२ कोटी दिले. याला म्हणतात वेळेवर पैसे सोडणं. दोन वर्षं थांबले असते तर दुप्पट मोजावे लागले असते. २०२५ मध्ये ९७ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. मग डॉजर्सनी चार सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला. वर्ल्ड सीरिज अजून एकदाही जिंकलेली नाही.

आता रागाचं काय करायचं? मैदानावर न जाणं हा पहिला सुचणारा उपाय, पण त्याचा फटका वाटतो त्याच्या निम्माच बसतो. प्रत्येक संघाच्या स्थानिक निव्वळ उत्पन्नातले ४८ टक्के एका सामाईक गल्ल्यात जातात आणि तीस संघांत समान वाटले जातात. म्हणजे तुम्ही एक डॉलर रोखलात, तर मालकाचे प्रत्यक्षात ५३-५४ सेंट कमी होतात. राष्ट्रीय टीव्हीचा पैसा तर गर्दी असो-नसो येतच राहतो. ओकलंडच्या चाहत्यांनी हे ओळखून १३ जून २०२३ ला उलटा बहिष्कार केला: २७,७५९ लोक मुद्दाम आले, हिरव्या शर्टांवर ‘सेल’. संघ तरीही गाव सोडून गेला, हे खरं. मालकांना जास्त टोचतो तो खेळाडू संघटनेशी झालेल्या करारातला नियम. गल्ल्यातून जेवढं मिळतं त्याच्या दीडपट पगारखर्च नसेल आणि खेळाडू संघटनेने तक्रार केली, तर पैसा संघावरच लावला हे मालकाला सिद्ध करावं लागतं. ओकलंडच्या त्याच संघाच्या जॉन फिशरसारख्या मालकानेही हा बडगा समोर असताना पिचर लुईस सेव्हेरिनोला ६.७ कोटी दिले.

तेव्हा निवड अशी. जिंकणारा संघ हवा आणि आवडता खेळाडू दर दोन वर्षांनी बदलला तरी चालणार असेल, तर ब्रुअर्स. एका खेळाडूशी नातं जोडायचं असेल, पोरांना मैदानावर न्यायचं असेल, तर गार्डियन्स. पिट्सबर्गहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. पायरेट्स धरायचेच असतील तर सीझन तिकीट घेऊ नका. स्कीन्स साधारण दर पाच-सहा दिवसांनी खेळतो, त्याचा दिवस जाहीर झाला की तेवढंच तिकीट काढा. तो २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होतो, पण या संघाची रीत बघता त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधीच बोलणी सुरू होतील असं धरून चाला.

घरून बघणार असाल तर एमएलबी टीव्ही या लीगच्या ऑनलाइन सेवेचे पैसे भरण्याआधी आपला झिप कोड टाकून ब्लॅकआऊट (आपल्या भागातल्या संघाचे सामने थेट दाखवण्यावरची बंदी) तपासा. पिट्सबर्गमध्ये राहून त्याच्या नेहमीच्या पॅकेजवर पायरेट्सचे सामने थेट दिसत नाहीत, मिलवॉकीचे बहुतेक दिसतात. आणि कोणत्याही संघाचं २०२७ चं पॅकेज घेताना दोन गोष्टी विचारा: नूतनीकरण आपोआप होतं का, आणि सामने रद्द झाले तर रोख परत मिळते की नुसतं क्रेडिट. खेळाडू आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आहे, आणि पगारमर्यादेवरून तेव्हा टाळेबंदी झाली तर तुमचे पैसे मालकाकडे पडून राहतील.