कलेक्शन, सेट की बंच? एक काढून बघा

'माझ्याकडे जुन्या नाण्यांचा संग्रह आहे' हे इंग्रजीत लिहायचं तर हात आपोआप 'कलेक्शन'कडे जातो, आणि तिथे तो बरोबरच जातो. गडबड पुढे होते. एकदा सवय लागली की नियमांचं कलेक्शन, प्रश्नांचं कलेक्शन, मित्रांचंही कलेक्शन होऊन बसतं. शब्दकोश उघडावा तर सेट, ग्रुप, बंच, बॅच, ॲसॉर्टमेंट सगळे एकाच ओळीत, जणू कुठलाही उचलला तरी चालेल. भाषांतर तपासताना मी एक साधी युक्ती करतो: त्यातली एक वस्तू मनातल्या मनात काढून टाकायची आणि काय बिघडतं ते बघायचं.

बुद्धिबळाच्या ३२ सोंगट्यांतला एक उंट हरवला तर डाव मांडता येत नाही. हा सेट. नाण्यांमधलं एक नाणं कुणाला देऊन टाकलं तर हळहळ वाटेल, पण उरलेलं कलेक्शनच राहील. किल्ल्यांच्या जुडग्यातली एक किल्ली काढली तर जुडग्याला पत्ताही लागत नाही. तो बंच. मराठीत हाच भेद 'संच' आणि 'संग्रह' यांच्यात आहे. एक वस्तू गेली की संच अपुरा होतो. संग्रह फार तर लहान होतो. (तिकिटं जमवणारे इथे हरकत घेतील. त्यांच्या कलेक्शनच्या पोटात सेट असतात, आणि ते पुरे करण्यात त्यांची झोप उडते.)

म्हणून नियम, सूचना, अटी, प्रश्न, हत्यारं यांना सेट घ्या. ती एकमेकांना धरून असतात. गणितातला सेट, म्हणजे पाठ्यपुस्तकातला 'संच', त्याहून कडक शिस्तीचा: त्यात क्रमाला किंमत नाही आणि तोच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच मोजायचा. प्रोग्रामिंगमध्येही सेट म्हटलं की पुनरावृत्ती नाही हे गृहीत असतं. जावा भाषेत तर कलेक्शन हे छत्र आहे आणि लिस्ट व सेट त्याच्याखाली येतात, त्यामुळे तांत्रिक मजकुरात हे शब्द अदलाबदल करण्याची सोयच नाही. सेटला क्रियापद म्हणूनही इतके अर्थ आहेत की ऑक्सफर्डच्या १९८९च्या मोठ्या कोशात सगळ्यात लांब नोंद त्याचीच होती.

कलेक्शनची खूण वेगळी. त्याच्यामागे जमवणारा माणूस असतो, त्याची निवड असते आणि वेळ गेलेला असतो. हान्स स्लोन या वैद्याने आयुष्यभर जमवलेल्या ७१ हजारांहून अधिक वस्तू त्याच्या मृत्यूनंतर १७५३मध्ये ब्रिटिश राष्ट्राकडे आल्या आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. ते कलेक्शन. उलट इंग्लंडमध्येच २००९मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात जमिनीखाली अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं-चांदी सापडलं. त्याला कुणी कलेक्शन म्हणत नाही; तो 'होर्ड'. दडवून ठेवलेला साठा. आपल्याकडे 'होर्डिंग' म्हटलं की जाहिरातीचा फलक डोळ्यांपुढे येतो. साठेबाजीचं होर्डिंग हे होर्डच्या घरातलं, फलकाचं नाही. नुसता उच्चार सारखा.

मराठी बोलण्यातलं 'कलेक्शन' आणखी भलतीकडे जातं. सिनेमाचा गल्ला म्हणजे कलेक्शन, कपड्यांच्या दुकानातला माल म्हणजे कलेक्शन. कपड्यांचं इंग्रजीतही चालतं, मात्र तिथे ते एखाद्या डिझायनरने एका मोसमासाठी काढलेल्या कपड्यांना म्हणतात. गल्ल्यासाठी बाहेरच्या वाचकाला 'ग्रॉस' किंवा 'टेकिंग्ज' जवळचे वाटतील.

बंचकडे मराठी माणसाने जरा जपून जावं, कारण त्याच्याकडे एका बंचच्या जागी अख्खं गोतावळं आहे. द्राक्षांचा घड, केळ्यांची फणी, किल्ल्यांचा जुडगा, फुलांचा गुच्छ, पालेभाजीची जुडी: इंग्रजीत हे पाचही बंच होऊ शकतात. पण लाकडांची मोळी तिथे बंडल होते, गवताची पेंढी शीफ, नोटांचं पुडकं वॉड, आणि कागदांचा गठ्ठा उभा रचलेला असेल तर स्टॅक. मोळी बांधलेली असते, घड देठाने जोडलेला असतो, हे मराठीला दिसतं. इंग्रजीलाही दिसतं, फक्त वेगळ्या ठिकाणी. इंग्रजीतून मराठीत येताना मात्र सरसकट 'समूह' लिहिणाऱ्याला माझ्याकडून माफी नाही. किल्ल्यांचा समूह कोणी पाहिलाय?

माणसांच्या बाबतीत बंच सैल आहे. 'अ बंच ऑफ पीपल' गप्पांत ठीक, अहवालात नको. कधी कधी त्यात आपल्या 'टोळकं'सारखी तुच्छताही डोकावते. तिथे ग्रुप घ्या, तो कुणाची बाजू घेत नाही. मित्रांचं कलेक्शन म्हटलं तर मित्र कपाटात मांडून ठेवल्यासारखे वाटतात. ग्रुपपुढचं क्रियापद अमेरिकेत एकवचनी असतं. ब्रिटनमध्ये माणसं वेगवेगळी दिसत असतील तर अनेकवचनीही चालतं. दोन्ही बरोबर, फक्त एका लेखात एकच ठेवा.

बॅच म्हणजे एका वेळी तयार झालेला माल. हा शब्द भाजण्याच्या इंग्रजी क्रियापदाच्या नात्यातला, एका घाण्याला निघालेले पाव असा. औषधाच्या पाकिटावरचा बॅच नंबर त्याच अर्थाचा. विद्यार्थ्यांची बॅच आणि 'बॅचमेट' आपल्याकडे पक्के रुळलेत, अमेरिकन वाचकासाठी 'क्लास' लिहा.

ॲसॉर्टमेंटमध्ये मुद्दा वेगळेपणाचा आहे. तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू एकत्र असतील तरच तो शब्द. एकसारख्या शंभर पेन्सिलींचं ॲसॉर्टमेंट होत नाही.

'नंबर ऑफ'मध्ये मात्र चांगले चांगले घसरतात. आधी 'अ' असेल तर अर्थ 'बरेच', क्रियापद अनेकवचनी. 'द' असेल तर अर्थ 'संख्या', क्रियापद एकवचनी. एका अक्षराने सगळं वाक्य फिरतं.

राहता राहिली ती प्राण्यांच्या कळपांची मजेदार नावं. सिंहांचा 'प्राइड', कावळ्यांचा 'मर्डर' अशा याद्या १४८६मध्ये छापलेल्या एका शिकारीच्या पुस्तकातही सापडतात. प्राइड आजही वापरात आहे. मर्डर बहुतेक वेळा प्रश्नमंजुषेतच भेटतो; लेखात कावळ्यांना साधा 'फ्लॉक' पुरतो.