आयरिसच्या नावाखाली विकलेले कंद: नागपुरातील माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबर महिन्यात पश्चिम नागपुरातील एका मैदानावर लागलेल्या तात्पुरत्या मंडपातून मी आयरिस या फुलझाडाचे म्हणून चोवीस कंद विकत घेतले आणि त्यांतला एकही आयरिसचा निघाला नाही. माझे 3,800 रुपये गेले, पण त्याहून जास्त मनाला लागले ते हे की माझ्या शब्दावर विसंबून शेजारच्या वहिनींनीही त्याच माणसाकडून 1,800 रुपयांचे बारा कंद घेतले. थंडी सुरू झाली की असे मंडप शहरात पुन्हा दिसू लागतात, म्हणून घडले ते सारे तपशिलासह लिहीत आहे.

बागकाम मला नवे नाही. घरासमोरच्या वाफ्यात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत मी वीस वर्षे शेवंती, डेलिया आणि गुलाब लावत आले आहे. आयरिस मात्र कधी लावले नव्हते. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस आम्ही श्रीनगरला गेलो होतो. काश्मीरमध्ये कबरींवर आयरिस लावण्याची जुनी रीत आहे, आणि एका जुन्या कबरस्तानात थडग्यांच्या मधल्या उतारावर फुललेले जांभळे-पांढरे ताटवे पाहत मी बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिले होते. ती फुले मनात घर करून होती, त्यामुळे मंडपातल्या माणसाने ‘थेट काश्मीरचा माल’ एवढे म्हटल्यावर पुढची चौकशी मी केलीच नाही.

मंडपात प्लास्टिकच्या टोपल्यांमध्ये कंदांचे ढीग होते, प्रत्येक टोपलीत पोस्टकार्डाएवढे चकचकीत छायाचित्र खोचलेले होते आणि शिवाय एक जाडजूड अल्बम होता. मी निळा, काळा आणि लाल असे तीन रंग निवडले. प्रत्येकी 8 कंद, एका कंदाला 150 रुपये. मुळे लवकर धरण्यासाठी ‘खास पावडर’ म्हणून 200 रुपयांची पुडीही त्याने गळ्यात मारली. कुंडीत लावा, कडक उन्हात ठेवा, बारा महिने फूल राहील, नागपूरच्या उन्हाळ्यातही झाड सुकणार नाही, असे तो ठामपणे सांगत होता. पैसे मी मोबाइलवरून कुणा व्यक्तीच्या नावावरील खात्यात भरले. पावती मागितली तेव्हा त्याने कोऱ्या कागदावर रक्कम आणि एक मोबाइल नंबर लिहून दिला. त्यावर दुकानाचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, सहीसुद्धा नव्हती.

आज विचार करते तेव्हा लक्षात येते की लबाडी त्या छायाचित्रांतच उघड दिसत होती. अल्बममधल्या प्रत्येक फुलाच्या खाली झुकलेल्या पाकळीवर मधोमध सुरवंटासारखी केसाळ पट्टी होती. ही दाढीवाल्या आयरिसची खूण. दाढीवाले आयरिस गोल गड्ड्यापासून उगवतच नाही; ते हळद-आल्यासारख्या जाड, आडव्या गाठीपासून वाढते आणि ती गाठ पाठीवर ऊन पडेल अशी मातीच्या अगदी वरच्या थरात बसवावी लागते. टोपलीत मात्र गोल गड्डे होते, म्हणजे चित्र आणि माल यांचा मेळच बसत नव्हता. दुसरी खूण रंगाची. आयरिस हे नाव ग्रीक पुराणातील इंद्रधनुष्याच्या देवतेवरून आले आहे आणि या फुलाला रंगही तसेच अनेक आहेत, पण जास्वंदीसारखा खरा लाल रंग आयरिसमध्ये आजवर कुणालाही आणता आलेला नाही. विटकरी, तांबूस, मरून छटा असतात. ज्याला काळे म्हणतात तेसुद्धा अतिशय गडद जांभळे असते. अल्बममधली लालभडक फुले पाहून मी हरखले, तिथेच खरे तर थांबायला हवे होते.

आपल्याकडे गड्ड्याच्या रूपात जे आयरिस विकायला येते ते बहुधा डच आयरिस असते. त्याचा कंद पाण्याच्या थेंबासारखा असतो, खाली फुगीर आणि वर टोकदार, अंगावर तपकिरी कोरडी साल. कंदाचा दर्जा त्याच्या घेरावरून ठरतो, त्यामुळे जाणकार विक्रेता 7-8, 8-9 किंवा 9-10 सेंटिमीटर असा घेर स्वतःहून सांगतो. घेर कमी असेल तर कंद जिवंत असूनही फूल धरत नाही, तीन पाने काढून थांबतो.

मला मिळालेल्या निळ्या आणि काळ्या पुड्यांतले कंद मोठ्या गोटीएवढे, जवळजवळ गोल, वर बारीक मान असलेले आणि काळपट पातळ सालीचे होते. दोन्ही पुड्यांतला माल एकत्र मिसळला असता तर कोणता कुठला हे सांगता आले नसते. लाल पुडीतले कंद बशीसारखे चपटे होते आणि त्यांच्या सालीवर आडवी कडी होती. त्यातला एक मधोमध कापला असता तर तो आतून बटाट्यासारखा भरीव निघाला असता. डच आयरिसच्या कंदात कांद्यासारखे पदर असतात. एक कंद वाया गेला असता, पण शंका तेव्हाच आली असती आणि वहिनींना मी त्या मंडपात पाठवले नसते.

लागवड मात्र मी जीव ओतून केली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि तीत कंद सडतात, म्हणून कन्हान नदीची वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि माती समप्रमाणात मिसळून, तळाला विटांचे तुकडे घालून कुंड्या भरल्या. सांगितल्याप्रमाणे पावडरही टाकली. तीन आठवड्यांत सगळीकडे कोंब आले आणि मी निश्चिंत झाले. लाल पुडीच्या कुंड्यांत तलवारीसारखी पाने आली आणि फेब्रुवारीत त्यांतून लांब दांड्यावर एकाखाली एक अशी लाल फुले उमलली. सीताबर्डीच्या फुलवाल्यांकडे गुच्छात बांधून मिळतो तो ग्लॅडिओलस मी पाहताक्षणी ओळखला. ग्लॅडिओलस आणि आयरिस एकाच कुळातले, त्यामुळे पानांवरून मला संशय आला नव्हता. त्याच दिवशी कागदावरचा नंबर लावला, तर तो बंद होता. संशय आल्यावर बाकीच्या कुंड्यांतली पाने नीट पाहिली. ती अरुंद, चकचकीत हिरवी आणि गवतासारखी खाली लोळणारी होती. डच आयरिसचे पान पन्हळीसारखे खोलगट, निळसर राखाडी झाक असलेले आणि बऱ्यापैकी ताठ असते, हे मी नंतर वाचले.

वहिनींनी बाराही कंद निळे घेतले होते, त्यामुळे फेब्रुवारीत त्यांच्याकडे काहीच फुलले नाही. मी त्यांना माझा संशय सांगितला, तरी त्यांनी आशा सोडली नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना त्या रोज संध्याकाळी बादलीने पाणी आणून हिरव्या जाळीखालच्या त्या कुंड्यांना घालत होत्या. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली, “अगं लवकर ये, आयरिस आलं!” मी गेले. सहा पाकळ्यांची, फिकट गुलाबी, वीतभर दांड्यावरची वीस-पंचवीस फुले एकदम उमलली होती आणि वहिनींच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आजही आठवतो. त्यांना खरे काय ते मलाच सांगावे लागले. दुपारी आमच्या ओळखीचा माळी आला, त्याने एक फूल हातात घेतले आणि म्हणाला, “बाई, हे तं रेन लिली हाय. एका कुंडीतून शंभर कंद निघतीन.” माझ्या निळ्या आणि काळ्या, दोन्ही पुड्यांच्या कुंड्यांतही त्याच आठवड्यात तीच गुलाबी फुले आली.

उरलेल्या पावडरवर मी लिंबाचा रस पिळला तेव्हा ती फसफसली, म्हणजे त्यात बहुधा चुनखडीची भुकटी होती. काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते, त्यामुळे तिचा उपयोग काहीच नव्हता.

तक्रारीचा मार्गही मी धरला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केल्यावर मला विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि बिल विचारण्यात आले, आणि ते रास्तच होते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दाद मागता येते, पण दाद कुणाविरुद्ध मागायची हेच माझ्याकडे नव्हते. खात्यावरचे नाव आणि बंद मोबाइल नंबर एवढ्यावर मला पुढे जाता आले नाही. ज्यांना ‘हॉलंडहून थेट कुरिअरने’ असे सांगून कंद विकले जातात त्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: परदेशातून कंद आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा खऱ्या आयातदाराजवळ ही कागदपत्रे असतात.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये मी एका रोपवाटिकेतून पक्क्या बिलावर डच आयरिसचे बारा कंद घेतले. बिलावर वाणाचे नाव आणि कंदाचा घेर दोन्ही लिहून घेतले. कंद शीतगृहात ठेवलेले आहेत ना, हेही विचारले, कारण या कंदांना फूल धरण्यासाठी लागवडीपूर्वी काही आठवडे थंडी लागते आणि नागपूरच्या ऑक्टोबरात ती मिळत नाही. रात्री गार होऊ लागल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यास, टोक वर ठेवून 10 सेंटिमीटर खोल आणि तेवढ्याच अंतरावर ते लावले. माती वरून बोटभर सुकल्याशिवाय पाणी घातले नाही. फेब्रुवारीत बारांपैकी नऊ फुलले. कळी आधी गडद निळ्या पेन्सिलीसारखी दिसते, मग एका सकाळी तिन्ही बाहेरच्या पाकळ्या खाली कलतात आणि प्रत्येकीवर पिवळा ठिपका उघडा पडतो. तिथे केस नव्हते, कारण डच आयरिसला दाढी नसते. उरलेल्या तिघांना तीनच पाने आली. फूल चार-पाच दिवस टिकले. बारा महिने फुलणारे आयरिस मी अजून पाहिलेले नाही.

त्याच हिवाळ्यात, अधिवेशनाची गर्दी शहरात असताना, दुसऱ्या एका मैदानावर तसाच मंडप दिसला. माणूस वेगळा होता, पण टोपल्यांतली छायाचित्रे तीच होती. मी लाल आयरिसचा एक कंद मागितला, 150 रुपये पुढे केले आणि तो तिथेच कापून दाखवा म्हटले. त्याने नकार दिला. नाव-पत्त्यासह बिल मागितले तर बिलबुक घरी राहिल्याचे त्याने सांगितले. तिथे उभ्या असलेल्या तीन-चार बायकांना मी माझ्या फोनमधली त्या गुलाबी फुलांची आणि बशीसारख्या चपट्या कंदांची छायाचित्रे दाखवली. त्यांतल्या दोघींनी हातातल्या पिशव्या परत टोपलीत रिकाम्या केल्या.